यंत्रघराच्या दारावर

सोमवारी सकाळी वाहिनीने ‘यान शर्वरी’ ही मालिका बंद केली. दुपारी माझे यजमान वारले. कादंबरी अर्धी झाली होती.

ही तीन वाक्यं कुणाला सांगितली तर माणूस पहिल्या दोन वाक्यांना गप्प राहतो आणि तिसऱ्याला विचारतो, कसली कादंबरी? मालिका तर टीव्हीवर होती ना? म्हणून आधी माझं काम समजावून सांगते. खांडबाऱ्यासारख्या लहान गावात इतकी वर्षं तेच करत आल्यामुळे सराव आहे.

टीव्हीवर एक मालिका लागायची. शर्वरी नावाचं यान ताऱ्यांमधून हिंडतं. कप्तान रेवती ते चालवते, बळवंत मिस्त्री नावाचा म्हातारा त्याचं यंत्रघर सांभाळतो आणि थुई नावाचा निळ्या चेहऱ्याचा परग्रहवासी सगळ्यांना औषधं देतो. ही मंडळी आठवड्यातून एकदा, अर्धा तास, संकटात सापडायची आणि सुटायची. उरलेला आठवडा ती काय करायची? ते मी लिहायचे. पुण्याच्या प्रकाशकाने वाहिनीकडून परवानगी घेतली होती. पुढच्या भागांच्या संहिता माझ्याकडे यायच्या आणि दोन भागांच्या मधल्या फटीत बसेल अशी एक अख्खी कादंबरी मी रचायचे. माणसं माझी नाहीत, यान माझं नाही, आकाशसुद्धा माझं नाही. फट तेवढी माझी.

हे काम भाड्याच्या घरात राहण्यासारखं आहे. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. कुणाला मारायचं नाही, कुणाचं लग्न लावायचं नाही, आणि कुणाचा हात तोडलाच तर शेवटच्या पानाच्या आत परत जोडून द्यायचा. यान जिथून उचललं तिथे, पुसून, आणून ठेवायचं. पडद्यावर जे दिसलं ते खरं, माझ्या पुस्तकात जे घडलं ते पडद्याला आवडलं तर खरं. अशा अटींवर कुणी लिहीत असेल असं वाटत नाही, पण मला त्या अटींत फार मजा यायची. शिवाय एक सवलत होती. टीव्हीवर एक स्फोट करायचा तर दहा माणसं मान हलवून नाही म्हणतात. पुस्तकात स्फोट फुकट असतो. मालिकेकडे एकच यान होतं, माझ्याकडे आरमार होतं.

मालिकेकडे दगडही एकच होता. थर्मोकोलचा, माणसाच्या उंचीचा, उजवीकडचा कोपरा तुटलेला. रेवती कुठल्याही ग्रहावर उतरली की तो तिथे आधीच पोचलेला असायचा. हे प्रथम नानांच्या लक्षात आलं. माझ्या यजमानांना सगळं गाव नाना म्हणायचं, मग मीही नानाच म्हणू लागले. ते टीव्हीजवळ जाऊन, तुटक्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, “अगं, हा मागच्या आठवड्यातलाच आहे. हा यांच्या मागे लागलाय.” मी ते वाक्य उचललं आणि त्यावर एक कादंबरी लिहिली. तो दगड नाहीच. तो एक लाजाळू प्राणी आहे, त्याला रेवती आवडते, आणि तो तिच्या आधी प्रत्येक ग्रहावर पोचून दगडाचं सोंग घेऊन उभा राहतो. वाहिनीतले लोक हसून लोळले म्हणे. पुढच्या एका भागात रेवती जाता जाता त्या दगडाला थोपटताना दिसली, तेव्हा नानांनी चहावाल्यापासून स्टेशनमास्तरपर्यंत सर्वांना सांगितलं की हे आपल्या घरी ठरलं.

पडद्यावरची चूक पुस्तकात खरी करणं ही आमच्या धंद्यातली मोठी कला. माझ्या चुका मात्र मलाच निस्तराव्या लागायच्या. थुई जेव्हा मालिकेत पहिल्यांदा येणार होता, तेव्हा माझ्या हातात फक्त संहिता होती. तिच्यात लिहिलं होतं, ‘थुई आत येतो.’ परग्रहवासी आत येतो म्हटल्यावर मी त्याला शेपूट दिली. चांगली लांब, भावना दाखवणारी शेपूट. तिच्यावर एक प्रकरण खर्च केलं. पुस्तक छापखान्यात गेलं, भाग लागला, थुई आत आला, वळला, आणि त्याच्या मागे काहीही नव्हतं. नाना टीव्हीसमोर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पुढच्या कादंबरीत मला लिहावं लागलं की थुईच्या लोकांची शेपूट हंगामी असते, थंडीत येते आणि उन्हाळ्यात गळते. त्यानंतर गल्लीतली पोरं स्वेटर निघाले की मला विचारायची, “काकू, थुईले शेपटी उनी का?”

नाना नवापूरला एका हॅचरीत सुपरवायझर होते. अंडी यंत्रात ठेवून पिल्लं काढायची, ते काम. सकाळच्या गाडीने जायचे, दुपारी परत यायचे, अंगाला पिसांचा आणि जंतुनाशकाचा वास. विज्ञानकथा म्हणजे काय हे त्यांना मी समजावलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. मी वाचून दाखवायचे आणि ते शेंगा फोडत ऐकायचे. एका कादंबरीत शर्वरीवर परग्रहाची अंडी सापडतात आणि लढाई संपेपर्यंत ती कोपऱ्यात पडून राहतात. नाना शेंग तोंडाशी नेता नेता थांबले. “आणि कुणी फिरवली नाहीत?”

मी विचारलं, काय फिरवायचं?

“अंडी. नुसती पडून राहिली तर आतलं पिल्लू टरफलाला चिकटतं. थोड्या थोड्या वेळाने कूस बदलावी लागते. तुझी लढाई किती दिवस चाललीय?”

लढाई बरीच लांबली होती. मग मी सगळी कादंबरी नव्याने लिहिली. बाहेर शत्रू तोफा डागतोय आणि कप्तान रेवती मध्येच, “एक मिनिट,” म्हणून अंडी फिरवायला पळते. शत्रूचा सेनापती वाट बघून वैतागतो. शेवटी तोच विचारतो, ही बाई सारखी कुठे जाते, आणि कळल्यावर लढाई थांबवून अंडी बघायला येतो. त्या पुस्तकाच्या सर्वांत जास्त प्रती खपल्या. माझी पुण्याची संपादक मृणाल, वयाने माझ्या मुलीसारखी, फोनवर म्हणाली, “काकू, हे तुम्हाला सुचतं कसं?” मी म्हटलं, नवापूरहून येतं, दुपारच्या गाडीने.

वाचकही एकेक भेटले. अक्कलकुव्याचा एक ट्रकड्रायव्हर सुरतेकडे माल घेऊन जाताना वाट वाकडी करून खांडबाऱ्याला आला. ट्रक आमच्या गल्लीच्या तोंडाशी लावला, त्यामुळे गल्ली बंद. हातात माझी पुस्तकं, सगळ्यांची पानं तेलकट. पाणी प्यायला आणि म्हणाला, “ताई, एक विचारायचं होतं. ही बाई झोपते केव्हा?”

कोणती बाई?

“रेवती. मी सगळी पुस्तकं वाचली. बाई एकदाही झोपली नाही. मी रोज रात्री गाडी चालवतो ताई, सांगतो तुम्हाला, असं नाही चालत. एक दिवस पलटी होईल.”

त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. ते बघून नानांनी त्याला जेवायला बसवलं. पुढच्या पुस्तकात मी रेवतीला एक पूर्ण प्रकरण झोपवलं. तिला कुणी उठवू नये म्हणून यानावरचे सगळे पायातले जोडे काढून चालतात आणि आलेलं संकट खुणांनी परतवून लावतात. ड्रायव्हरचा फोन आला, आता बरं वाटलं म्हणाला.

असं हे काम. आता त्या सोमवारकडे येते.

सकाळी मृणालने फोन करून सांगितलं की मालिका बंद, एकही नवा भाग होणार नाही. कथा मात्र मध्येच थांबली होती. शेवटच्या भागात बळवंत मिस्त्री यंत्रघरात अडकलेला, दार बाहेरून बंद, आत धूर. तसंच ठेवून वाहिनीने पडदा पाडला. उरलेली गोष्ट माझ्या हातातल्या अर्ध्या कादंबरीने संपवायची असं ठरलं. दुपारी नाना नवापूरहून आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. बळवंत मिस्त्री त्यांचा जीव की प्राण. तो बोलू लागला की ते पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद करायचे, भर मे महिन्यात. त्यांनी हातपाय धुतले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मग तो आतच राहणार का?” मी म्हटलं, बघते. चहा टाकला. आतून त्यांचा आवाज आला, “आलं घातलंस का?” मी हो म्हणाले. कप घेऊन बाहेर आले तेव्हा ते गेलेले होते.

आमच्या भागात माणूस गेलं की लोक दारावर येतात. सांत्वनाला भेटायला येण्याला इथे दारावर येणं म्हणतात. ओट्यावर सतरंजी अंथरलेली असते, लोक येतात, बसतात. फार बोलायचं नसतं. नमस्कारही करायचा नसतो. बसायचं, आणि थोड्या वेळाने उठून जायचं, की दुसरे येतात. मी मुळात कमी बोलणारी, त्यामुळे मला हे बरं वाटलं. नानांची थोरली बहीण, आमची आक्का, दारातच भिंतीला टेकून बसलेली असायची आणि आलेल्यांकडे मान हलवायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेजारचे जिभाऊ आले. मिरचीचे व्यापारी. पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानावर, मिरची घातलेली सोडून आले होते, त्यामुळे ओट्यावर बसलेले सगळे आधी शिंकले. शिंका संपल्या. जिभाऊंनी धोतराच्या सोग्याने नाक पुसलं, इकडे तिकडे बघितलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, त्या मिस्तरीनं काय व्हयनं?”

आक्काने त्यांच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता उठवते. पण ओट्यावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. सगळ्यांच्या मनात तेच होतं. नानांनी गावभर इतकं सांगून ठेवलं होतं की बळवंत आत धुरात आहे हे सर्वांना माहीत होतं, आणि तो गुंता सोडवणारी बाई त्यांच्यासमोर बसली होती.

मी म्हटलं, अजून मलाच माहीत नाही.

माहीत झालं त्याच आठवड्यात. वाहिनीने कथेचा आराखडा पाठवला. बळवंत मिस्त्री मरतो. यान वाचवण्यासाठी तो स्वतः भट्टीत उतरतो, कप्तानला उद्देशून भाषण करतो, आणि स्फोट होतो. मी मृणालला विचारलं, का? ती जरा संकोचली. त्याचं काम करणारे नट दुसऱ्या वाहिनीवर सासऱ्याची भूमिका करायला गेले होते. उद्या मालिका परत सुरू करायची झाली तर ते मिळणार नव्हते. मी म्हटलं, अगं, पुस्तकाला नटाच्या तारखा लागत नाहीत. ती म्हणाली, “मला कळतं काकू. पण वाहिनीने ठरवलंय. आणि तुम्हाला हे आत्ता लिहायला लावणं मला बरोबर वाटत नाही. इथे पुण्यात एक जण तयार आहे. तेवढं प्रकरण त्याच्याकडून घेऊ?”

मी नाही म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले की आक्का आतून बघायला आली. कुणीतरी पुण्यात बसून, पंखा लावून, नानांच्या बळवंतला मारणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. त्याला मरायचंच असेल तर ते मी लिहीन. मृणालने महिन्याभराची मुदत दिली.

आणि बळवंत मरेना. मी त्याला आराखड्याप्रमाणे भट्टीत उतरवलं, तर तो भिवया जळालेल्या अवस्थेत वर आला आणि पाना मागू लागला. दुसऱ्यांदा उतरवलं, तर त्याला खाली एक जुनी गळती सापडली आणि तो ती दुरुस्त करत बसला, भाषण विसरला. तिसऱ्यांदा मी दार बाहेरून पक्कं लावलं, तर थुई शेपटीने कडी काढून आत गेला. उन्हाळा होता, शेपूट असायलाच नको होती. मी रडत होते आणि लिहिता लिहिता हसत होते, आणि दोन्हींपैकी काय चाललंय ते मला धड कळत नव्हतं. दारावर आलेले लोक खिडकीतून माझ्याकडे बघून समजूतदारपणे माना हलवायचे.

शेवटी मी दात-ओठ खाऊन वाहिनीला हवं तसं लिहून काढलं. धूर, आग, भाषण, स्फोट, रेवतीची किंकाळी. भाषण तर उत्तम जमलं होतं, त्यात कर्तव्य होतं, तारे होते, मानवजात होती. दुपारी ओट्यावर सहा-सात माणसं होती. लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय मला ते झालं असं वाटायचं नाही, आणि आता ऐकणारं हेच होतं. मी कागद घेऊन बाहेर आले आणि वाचलं.

जिभाऊ खाली बघत होते. मग आक्का बोलली, जी इतके दिवस गावाशी फक्त मानेने बोलत होती.

“मरतांना इतलं बोलस का कोनी?”

मी म्हटलं, आक्का, गोष्टीत बोलतात.

“मन्हा भाऊनी काय भाषन दिन्हं व्हतं का?” ती म्हणाली. “चहा मांगा आन गया. मानूस असाच जास, मालती.”

आत येऊन मी ते सगळे कागद बाजूला ठेवले आणि दुपारभरात प्रकरण लिहिलं. दार उघडतं, धूर निघून जातो, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. बळवंत मिस्त्री वाचलेला आहे. तो बाहेर येऊन आपल्या खुर्चीत बसतो, कपाळ पुसतो, आत भट्टीवर काम करणाऱ्या पोरीला विचारतो, “झाकण लावलंस का?” ती हो म्हणते, हात पुसत बाहेर येते, आणि तो गेलेला असतो. एवढंच. तीन परिच्छेद.

त्यानंतरचं सगळं प्रकरण दारावर घडतं. शर्वरी थांबते. यंत्रघराच्या दारात कुणीतरी सतरंजी अंथरतं आणि एकेक जण येऊन बसतो. थुईला हा रिवाज माहीत नसतो. तो रेवतीला विचारतो, आता काय करायचं? ती म्हणते, बसायचं. तो विचारतो, मग? ती म्हणते, मग उठायचं, म्हणजे दुसऱ्यांना बसता येतं. शेजारच्या ग्रहांवरून यानं येतात. शत्रूचा सेनापती येतो आणि जागा नाही म्हणून जिन्यावर बसतो. बराच वेळ कुणी बोलत नाही. मग इंधनाचे भाव निघतात. मग कुणीतरी सांगतं, बळवंत आपला पाना पिठाच्या डब्यात लपवायचा, आणि त्या पिठाच्या पोळ्यांना तेलाचा वास यायचा. एक जण हसतो आणि दचकून थांबतो. मग दुसरा हसतो. बघता बघता अख्खा जिना हसायला लागतो, पोट धरून, आणि रेवतीला त्यात केव्हा रडू फुटलं ते कुणाला कळत नाही, कारण तोपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी असतं.

मृणालने वाचलं आणि फोन केला. म्हणाली, तिला ते आवडलंय, पण वाहिनीचे लोक दोन हरकती घेणार. घेतल्याच. पहिली, यानावर असा रिवाज असल्याचं मालिकेत कधी दाखवलेलं नाही. दुसरी, स्फोट कुठे आहे?

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी भांडले नव्हते. या वेळी स्वतः फोन लावला. म्हटलं, तुमच्या मालिकेत यानावरचं आपलं माणूस आजवर एकही मेलेलं नाही. तुम्हीच मारू दिलं नाहीत. मग माणूस गेल्यावर शर्वरीवर काय करतात हे पडद्यावर दिसणार कुठून? दिसलेलं नाही, म्हणजे मी काही मोडलेलं नाही. पलीकडून कागद चाळल्याचे आवाज आले. नियम त्यांचेच होते, त्यामुळे त्यांना मान्य करावं लागलं.

स्फोटाचं मी आधीच ठरवलं होतं. पुढच्याच प्रकरणात, कुणीही राहत नसलेले दोन चंद्र मी उडवून दिले. एक हिरव्या ज्वाळांत, एक जांभळ्या. ते वर्णन चार पानं चाललं आणि त्याचा गोष्टीशी काडीचा संबंध नव्हता. वाहिनी खूश झाली. मुखपृष्ठावर तेच चित्र आहे.

पुस्तक आलं तेव्हा जिभाऊंनी ते प्रकरण ओट्यावर बसून, बोट ठेवून ठेवून वाचलं. वाचून झाल्यावर बंद केलं आणि म्हणाले, “जिनावर जो बशेल शे, तो मी शे ना?” मी म्हटलं, तुम्ही सेनापती आहात. त्यांनी पुस्तक घरी नेलं ते परत दिलेलं नाही.

मालिकेचे जुने भाग आता कुठेच बघायला मिळत नाहीत. बळवंतचं काम करणारे नट अजून सासरे आहेत. नाना नाहीत. मी दुसऱ्या एका मालिकेसाठी लिहिते, तिच्यात भुतं आहेत. नवं प्रकरण झालं की बाजाराच्या दिवशी आक्का येते, तेव्हा तिला वाचून दाखवते. तिला भुतांची भीती वाटते, म्हणून आम्ही दार उघडं ठेवून बसतो.